दांडिया बाजार ते भायली

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी जुन्या बडोद्यावर एखादा तरी लेख असतो आणि त्याचा सूर बहुधा हळहळीचा असतो. वाडे गेले, ओटले गेले, मराठी माणसे नदीपलीकडे पांगली. मीही तसा एक लेख पूर्वी लिहिलेला आहे. त्या वेळी मी दांडिया बाजारात राहत होतो आणि पांगणारे दुसरे होते. आता माझीच गणना पांगलेल्यांत होते. त्यामुळे या वर्षी संपादकांचा निरोप आला तेव्हा ठरविले की, हळहळ बाजूला ठेवून सरळ हिशेब लिहावा. घर आणि दवाखाना एकाच इमारतीत असलेल्या डॉक्टरने उतारवयात उपनगरात घर घ्यावे काय, आणि घ्यायचे झाल्यास काय पाहून घ्यावे, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांपुढे आहे. काहींनी तो पुढे ढकलला आहे. मीही बरीच वर्षे ढकलीतच होतो.

आमच्याकडे तो प्रश्न 2024 च्या उत्तरायणाच्या दुपारी आला. वडिलांनी पन्नासच्या दशकात खाली दवाखाना थाटला आणि वरच्या दोन मजल्यांवर संसार मांडला. जिना लाकडी, उभा, चढताना धरायला दोर. रस्त्यापासून दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरापर्यंत चौतीस पायऱ्या. त्या दिवशी गल्लीतली सारी मुले गच्च्यांवर होती, कानठळ्या बसविणारी गाणी चालू होती आणि त्या गोंगाटात आई मोरीत पडल्याचा आवाज कोणालाच ऐकू आला नाही. मी वर पोहोचलो तेव्हा तिचा उजवा पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूस वळलेला होता. निदानासाठी क्ष-किरण चित्राची गरज नव्हती. वय शहाऐंशी.

108 ची गाडी लवकर आली; परंतु ती मोठ्या रस्त्यावरच थांबली, कारण गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकीला मागे जावे लागते. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरेना. शेवटी गच्चीवरची मुले पतंग सोडून खाली आली. आईला लाकडी खुर्चीत बसवून चादरीने बांधले आणि चौघांनी ती खुर्ची एकेक पायरी करीत उतरविली. मी पुढून तिचा पाय धरला होता. त्या वेदनांतही तिचे लक्ष मुलांच्या मांज्याने कापलेल्या बोटांकडे होते. खाली पोहोचल्यावर ती मला म्हणाली, "अरे, आधी त्यांच्या हातांना औषध लाव."

शस्त्रक्रिया उत्तम झाली. अर्धा सांधा बदलला, तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन ती उभी राहिली. घरी सोडताना शल्यविशारदाने, जो माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे, नेहमीच्या सूचना दिल्या : जिना नाही, खाली बसणे नाही, कमोड हवा. मी मान डोलावली. हजारो रुग्णांना मी स्वतः हेच सांगितले आहे आणि ते पाळण्याजोगे घर त्यांच्याकडे आहे की नाही, हे क्वचितच विचारले आहे.

आईची खाट दवाखान्याच्या मागच्या खोलीत घातली. पूर्वी तिथे कंपाउंडर मिक्स्चर तयार करीत असत. तिला ती जागा मुळीच वाईट वाटली नाही. पडद्याआडून ती माझी प्रॅक्टिस ऐके आणि रुग्ण गेल्यावर आपले मत देई. "त्या बाईला खोकल्यापेक्षा सुनेचा त्रास आहे," वगैरे. ही मते बऱ्याचदा बरोबर असत, हे इथे नमूद करतो. मात्र पडदा ऐकू येण्यास आड येत नाही, तसा खोकल्यासही येत नाही. एप्रिलमध्ये तिला न्यूमोनिया झाला. नऊ दिवस रुग्णालयात काढले. प्रतीक्षाकक्षाला लागून शहाऐंशी वर्षांच्या, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या बाईची खाट कोणी ठेवावी? दुसऱ्या एखाद्याने ठेवली असती तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

त्या नवव्या दिवशी, आईला घरी आणण्याच्या आदल्या रात्री, सौ. म्हणाली, "आईंच्या निमित्ताने का होईना, तुम्ही घराकडे बघायला लागलात. मी त्या पायऱ्या छत्तीस वर्षे मोजते आहे." ती शाळेत शिक्षिका होती. शाळा, भाजी, गिरणी, दवाखान्यातला चहा, मुलाची शिकवणी. दिवसातून आठ वेळा वर-खाली, असा तिचा हिशेब. मी गणित करून पाहिले नाही. तिच्या दोन्ही गुडघ्यांची चित्रे मी पाहिलेली आहेत.

तर घर शोधण्यास आरंभ झाला.

उपनगर ही कल्पना आपल्या व्यवसायाला परकी नाही. गावातली दाटी रोग वाढविते हे लक्षात आल्यावर माणसे गावाबाहेर पडली. मुंबईत 1896 साली प्लेग आला आणि 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन दादर-माटुंग्याची आखणी झाली, हे आपण जाणतो. आपल्या बडोद्यात हा क्रम थोडा गमतीचा आहे. साथीच्या रोगांचे इस्पितळ कारेलीबागेत, क्षयाचे इस्पितळ गोत्रीला. ज्या रुग्णांपासून गावाने अंतर ठेवायचे, त्यांना तिथे पाठवायचे. माझ्या लहानपणी 'त्याला गोत्रीला नेले' हे वाक्य आवाज खाली घेऊन बोलले जाई. आज त्याच गोत्रीत वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि दलाल मंडळी 'गोत्री म्हणजे प्राइम लोकेशन' असे सांगतात. कारेलीबाग तर केव्हाच गावात जमा झाली. आपण ज्याला गावाबाहेर म्हणतो ते किती वर्षे बाहेर राहील, हे घर घेणाऱ्याने अवश्य पाहावे. कारण त्यावर रस्ता, पाणी, ड्रेनेज आणि पुढची किंमत, सारेच ठरते.

पहिले घर आवडले ते समा भागात. टेनामेंट, म्हणजे आपल्या भाषेत बैठे स्वतंत्र घर : तळमजल्यावर दोन खोल्या, पुढे हातभर अंगण, एक कडुनिंब. आईला जिना नको, सौ.ला झाड हवे, मला गाडी दारात हवी. तिन्ही इच्छा एकाच कुंपणात मिळत होत्या. किंमतही आवाक्यातली, आसपासच्या भावापेक्षा थोडी कमीच. कमी का, हे मी विचारले नाही. एरवी रुग्णाच्या वजनात दोन किलोंची घट दिसली तर मी कारण शोधल्याशिवाय राहत नाही. पण आवडलेल्या घरापुढे माणसाची चिकित्सा मंदावते.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत भरल्या होत्या. भिंतींना नवा रंग दिलेला होता, तो सगळीकडे नव्हे, जमिनीपासून छातीपर्यंत. आणि शेजारच्या दोन घरांत विजेच्या मीटरच्या पेट्या माणसाच्या डोक्याच्याही वर बसविलेल्या होत्या. सौ.ने ते माझ्या आधी पाहिले. मालक म्हणाले, "लहान मुलांचे हात लागू नयेत म्हणून." आम्ही मान्य केले. गोकुळाष्टमी झाली की बानाखत करू, असे ठरले.

2024 ची गोकुळाष्टमी 26 ऑगस्टला होती. त्या दिवशी काय पाऊस झाला आणि नंतरच्या दिवसांत विश्वामित्रीने काय केले, हे बडोदेकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, धोक्याची पातळी 26 फुटांची आणि नदी 37 फुटांच्या आसपास चढली. पावागडच्या बाजूने येणारे पाणी, आजव्याचे पाणी आणि शहरात पडलेले पाणी या तिघांची एकाच अरुंद, वळणावळणाच्या पात्रात गाठ पडते. त्या पात्राच्या काठच्या खोलगट जागा, जिथे पूर्वी पुराचे पाणी पसरून विसावा घेई, तिथे आता आपण राहतो. समा, कारेलीबाग, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर या भागांत कुठे गुडघाभर, कुठे छातीभर पाणी दिवसेंदिवस उभे होते. मगरी वस्त्यांतून हिंडत होत्या. 2019 च्या 31 जुलैला एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस झाला तेव्हाही हेच झाले होते, 2005 मध्येही झाले होते. म्हणजे रोग जुना, पुनःपुन्हा उलटणारा. आणि मी त्याचा पूर्वेतिहास न घेताच औषध लिहून द्यायला निघालो होतो.

आमच्या गल्लीत पावसाचे पाणी साचले आणि ओसरले. दवाखाना चालू राहिला. पाण्यातून चालत आलेल्यांच्या पायांच्या जखमा, अंगावर आलेले ताप, लेप्टोच्या भीतीने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या मागणारे. पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी मी आणि सौ. ते समाचे घर पाहायला गेलो. भिंतीवर चिखलाची रेघ होती, नव्या रंगाच्या बरोबर वरच्या काठाला. मालक ओल्या गाद्या ओढीत होते. मी त्यांना फसवणुकीबद्दल दोन शब्द बोलणार होतो, पण त्यांच्या पायाला मोठी जखम झालेली दिसली. ती धुऊन पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला सांगितले आणि आम्ही परतलो. बानाखताचा विषय दोघांपैकी कोणीही काढला नाही.

यातून एक व्यावहारिक धडा निघाला, तो नवीन घर पाहणाऱ्या प्रत्येकास देतो. मालकाला, बिल्डरला वा दलालाला काहीही विचारू नये. कोपऱ्यावरचा पानवाला, सोसायटीचा जुना चौकीदार आणि शेजारघरी धुणे-भांडी करणारी बाई, या तिघांना '2005 ला पाणी कुठवर होते, 2019 ला कुठवर होते' एवढेच विचारावे. तिघांची उत्तरे जुळली तर ती खरी समजावीत. आणि घर बघायला भर पावसाळ्यात जावे, उन्हाळ्यात सगळीच घरे चांगली दिसतात. 2025 च्या उन्हाळ्यात नदीचे पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम शहराने हाती घेतले, ही चांगली गोष्ट झाली; परंतु त्या भरवशावर मी तळमजला घेतला नसता.

दुसरे घर भायलीचे. वासणा रस्त्याने पुढे गेले की जे शेतांचे गाव लागे, ते 2020 मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आता तिथे चौदा-चौदा मजल्यांच्या इमारती आहेत आणि मधूनच एखादे एरंडाचे शेत. चौथ्या मजल्यावरचा तीन खोल्यांचा तयार फ्लॅट, दोन लिफ्ट, त्यांपैकी एकीत स्ट्रेचर मावतो. मी मोजपट्टी घेऊन लिफ्ट मोजली तेव्हा विक्री विभागातला तरुण चमत्कारिक नजरेने पाहत होता. आजवर बहुतेकांनी त्याला पोहण्याच्या तलावाबद्दल विचारले असावे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो, कारण आपण डॉक्टर मंडळी या बाबतीत फार भोळी असतो. दलालाने सांगितलेले 1650 चौरस फूट हे 'सुपर बिल्टअप' निघाले. रेराच्या नोंदीत कार्पेट 960. रेराचा कायदा 2016 चा, त्यामुळे प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाचे खरे क्षेत्रफळ कोणालाही पाहता येते. पाहत मात्र कोणी नाही. जमीन बिनखेती झाली आहे काय, टी.पी. स्कीममध्ये तिला फायनल प्लॉट क्रमांक मिळाला आहे काय, समोरचा रस्ता नकाशात किती रुंद आहे, आणि मुख्य म्हणजे इमारतीला बी.यू. परमिशन मिळाली आहे काय, या चार गोष्टी वकिलाकडून पाहून घ्याव्यात. बी.यू. मिळालेल्या तयार घरावर जी.एस.टी. लागत नाही, बांधकाम चालू असलेल्यावर 5 टक्के लागतो. मुद्रांक शुल्क 4.9 टक्के. दस्तावेज स्त्रीच्या एकटीच्या नावावर केल्यास नोंदणी फीचा 1 टक्का माफ होतो. आमच्या बाबतीत ते पाऊण लाख रुपये होत. मी हे उत्साहाने सौ.ला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पाऊण लाख वाचत नसते तर नावावर केले नसतेत का?" असो.

पाणी मी स्वतः तपासले. बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 1100 मिलिग्रॅम भरले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 500 पर्यंत इष्ट, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे विष नव्हे. पण सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकात आजव्याहून आणलेले पाणी प्यायलेल्या माणसाला ते गळ्याखाली उतरेना. महानगरपालिकेच्या नळाची जोडणी झालेली आहे, दाब कमी आहे, असे उत्तर मिळाले. या उत्तराचा अर्थ आपणां सर्वांस ठाऊक आहे.

आता जे लिहिणार आहे ते लिहावे की नाही, याचा बराच विचार केला. घर दाखविताना तो दलाल दोनदा म्हणाला, "साहेब, बधा आपणाज माणसो छे." कोण आपले आणि कोण नव्हे, हे त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. 1917 साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून याच शहरात नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना इथे राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातूनही त्यांना बाहेर काढले गेले. कमाठीबागेतल्या ज्या झाडाखाली ते त्या दिवशी बसले, ती जागा संकल्पभूमी म्हणून आपण बाहेरगावच्या पाहुण्यांना दाखवितो. मीही दाखविली आहे. आणि दलालाच्या त्या वाक्यावर मी काही बोललो नाही, लिफ्टची लांबी मोजत राहिलो. दांडिया बाजारात माझ्या बाकावर सगळे शहर येऊन बसते. भायलीच्या कुंपणाच्या आत कोण येऊ शकते, याची यादी कोणीतरी दुसऱ्याने आधीच केलेली असते. हा उपनगराचा खर्च कुठल्याही दस्तावेजात लिहिलेला नसतो, म्हणून इथे लिहिला.

खरे वजन प्रॅक्टिसचे होते. घराचे काहीही होवो, दवाखाना हलवायचा नाही हे ठरलेले होते. जुने घर विकायचेही नव्हते. प्रॉपर्टी कार्डावर तिघा भावांची नावे आहेत आणि आम्हां तिघांचे एकमत वडिलांच्या हयातीतही कधी झाले नाही. प्रश्न होता तो रात्रीचा. वडिलांनी दारावर एक घंटी बसविली होती, तिची तार दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या उशाशी जात असे. पुढे विजेची बेल आली, ती माझ्या उशाशी. साठ-पासष्ट वर्षे त्या दारावर रात्री कोणीतरी येत आले आहे. भायलीहून दांडिया बाजार आठ-नऊ किलोमीटर. रात्री मोटारीने वीस-पंचवीस मिनिटे, संध्याकाळी चाळीस. मध्ये नदी. पुरात पूल बंद झाले की मी एका काठावर आणि रुग्ण दुसऱ्या. हे सारे मी सौ.पुढे मांडले, थोडे भारावूनच. तिने शांतपणे विचारले, "गेल्या वर्षी रात्री किती वेळा बेल वाजली?"

मी वही काढली. वर्षभरात अकरा वेळा. त्यांपैकी चार वेळा मी तपासून 'ताबडतोब सयाजीत न्या' असे सांगितले होते, तीनदा मुलांचा ताप, दोनदा पोटदुखी, एकदा मृत्यूचा दाखला आणि एकदा लग्नाच्या वरातीतल्या कोणीतरी गंमत म्हणून वाजविली होती. वडिलांच्या काळी ही संख्या महिन्याला अकरा असावी. 2007 मध्ये गुजरातेत 108 सुरू झाली, खासगी अतिदक्षता विभाग झाले, लोकांकडे वाहने आली. ज्या कर्तव्यासाठी मी घर सोडीत नव्हतो ते माझ्या नकळत बरेचसे दुसऱ्यांनी उचलले होते. 'पेशंटसाठी' हे कारण मी इतकी वर्षे देत आलो. त्यात रात्रीच्या चहानंतर चार पावलांवर बिछाना असण्याचे सुखही मिसळलेले होते, हे कबूल करणे भाग आहे.

2025 च्या आरंभी दस्तावेज झाला, अक्षय्य तृतीयेला आईला घेऊन आम्ही राहायला गेलो. दवाखान्याच्या वेळा बदलल्या : सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते आठ. दुपारी घरी येत नाही. मागच्या त्याच खोलीत, आईच्या त्याच खाटेवर डबा खाऊन पडतो. पेट्रोलचा खर्च वाढला, चालणे कमी झाले आणि वर्षाच्या आत माझी साखर थोडी वर सरकली. हा हिशेबही टाळण्यात अर्थ नाही.

जुलैमध्ये एका रात्री दोन वाजता फोन आला. शेजारचेच कापडाचे दुकानदार, वय अठ्ठावन्न, छातीत दुखते आहे, घाम सुटला आहे. मुलाने सवयीने आधी पाच मिनिटे बेल वाजविली आणि मग त्याला आठवण झाली. मी फोनवरच सांगितले की, अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला द्या, माझी वाट पाहू नका, सरळ हृदयविकार विभागात न्या. तासाभरात रोहिणी उघडली गेली, माणूस वाचला. दुसऱ्या दिवशी हृदयरोगतज्ज्ञ मित्राने फोनवर मोकळेपणाने सांगितले, "तू खाली असतास तर तू वरून उतरला असतास, नाडी पाहिली असतीस, कार्डिओग्राम काढला असतास, मला फोन केला असतास. अर्धा तास गेला असता." ते ऐकून आनंद झाला, आणि तो आनंद पूर्ण होता असे म्हणवत नाही.

पण त्याच पावसाळ्यात दुसरी गोष्ट घडली. आमच्या मागच्या गल्लीत एक वयस्क बाई एकट्या राहतात, त्यांचा मुलगा सुरतेला. रात्री दवाखाना बंद करून वर जाताना त्यांच्या खिडकीतला दिवा मला दिसे, सकाळी दारातली दुधाची पिशवी उचललेली दिसे. मी त्याला कधी तपासणी मानले नाही. ऑगस्टमध्ये त्या घरात पडल्या आणि दीड दिवस पडूनच राहिल्या. दूधवाल्याने दोन पिशव्या दारात पाहून आरडाओरडा केला. त्या वाचल्या, परंतु मुलाकडे गेल्या त्या गेल्याच. त्या दीड दिवसात मी दोनदा दवाखान्यात आलो आणि दोनदा गेलो. मोटार मोठ्या रस्त्यावर लावतो, त्यामुळे त्या खिडकीवरून आता माझा रस्ता जात नाही.

सौ. नव्या घरी खूश आहे. तिने गॅलरीत अबोली लावली आहे, सकाळी इमारतीभोवती चार फेऱ्या घालते आणि गुडघ्यांची तक्रार निम्म्याने कमी झाली आहे. मराठी घरे त्या सोसायटीत आमच्यासह पाच; गणपतीत आरतीला पुरेशी आहेत, वादाला अपुरी. वाचनालयाची पुस्तके मी येता-जाता बदलून आणतो.

आई वॉकर घेऊन सबंध घरभर फिरते. घर तिला प्रशस्त वाटते, पण एक तक्रार आहे : येथे कोणाचे बोलणे ऐकू येत नाही. दारे जाड, भिंती जाड, आणि माणसे लिफ्टमधून थेट आपापल्या दारात. म्हणून गेल्या काही महिन्यांपासून ती रोज संध्याकाळी लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसते. तीच लाकडी खुर्ची. आता मजल्यावरची मुले तिला थांबून नमस्कार करतात, दोघा बायकांनी तिला आपापल्या पाठदुखीबद्दल विचारले आहे आणि तिने त्यांना सल्लेही दिले आहेत, ते मला मागाहून कळतात. सोसायटीच्या कमिटीने मात्र अग्निसुरक्षेच्या नियमांचा हवाला देऊन सामाईक जागेत खुर्ची ठेवण्यास लेखी हरकत घेतली आहे. नियमाने त्यांचे म्हणणे चूक नाही. खुर्चीवर सतत कोणीतरी बसलेले असते, सबब ती 'ठेवलेली' नाही, असे उत्तर आईने मला सांगून लिहवून घेतले आहे. कमिटीचे प्रत्युत्तर अद्याप आलेले नाही.